हात वर केलेली माणसं

चाळीच्या मंडळाच्या स्मरणिकेत मंडळाचा इतिहास लिहायला नंदूलाच बसवला, कारण घाटकोपरच्या त्या अख्ख्या चाळीत टायपिंग त्यालाच येत होतं. शिवाय तो रद्दीतली पुस्तकं वाचायचा. सध्या एका जुन्या रोमन इतिहासकाराच्या नादी लागला होता. तो रोमन दर दोन पानांनी विचारायचा, हे नशिबाने घडलं की माणसांनी घडवलं?

नंदूने लिहिलं होतं, ‘८२ सालच्या संपात दुर्दैवाने श्री. धाकू यांना गाऱ्हाणं घालणं सोडावं लागलं.’ वाक्य झकास बसलं होतं. कुणाला लागणार नाही असं.

गॅलरीत धाकूकाका खोकत बसले होते. गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे पूजेला देवापुढे सगळ्यांच्या वतीने बोलायचा मान संपाआधी वीस वर्षं त्यांचा होता.

“काय रे नंदू, माझा नाव घातलंस?”

“घातलंय ना काका.” त्याने वाचून दाखवलं.

“दुर्दैवान?” काका हसले, मग बराच वेळ खोकले. “दैवान कदी हात वर केल्यान? हात तुमी वर केल्यात.”

नंदूची वाट लागली. कारण खरंच हात वर झाले होते. संप मोडून कुणीतरी मिलमध्ये गेलं, अशी बोंब झाली तेव्हा चाळीची सभा भरली. नंदूचे बाबा, काशीराम, उठून म्हणाले, “धाकू गेलो. मिया बगलंय.” धाकूचा मान काढायला सगळ्यांनी हात वर केले. नंदूनेही. आणि त्याच पहाटे मिलमध्ये जाणाऱ्या बाबांना डबा त्यानेच दिला होता. तेव्हापासून गाऱ्हाणं बाबा घालतात.

तो घरात आला. कागद फाडला, दुसरा चढवला. ‘मिलमध्ये धाकू गेले नव्हते. काशीराम गेले होते.’

बाबा दाढी करता करता मागे येऊन उभे राहिले. वाचलं. गालावरचा साबण सुकत गेला.

“घरात पीठ नव्हता रे तेवा,” ते म्हणाले.

“तेही लिहितो.”

“मी मेल्यावर लिव की.”

नंदूची बोटं थांबली. तो रोमनही तसाच. जुलमी सम्राट जिवंत असेपर्यंत तो गप्प बसला, सम्राट मेल्यावर त्याने लिहिलं. नंदूला त्यात नेहमी शहाणपण दिसायचं. पण बाबा ठणठणीत होते, आणि भिंतीपलीकडून खोकला ऐकू येत होता.

“तोवर काका राहायला हवेत ना, बाबा.”

बाबा तोंड न धुताच खाटेवर जाऊन बसले.

पुढची ओळ होती, ‘हे ठाऊक असून ज्याने हात वर केला, तो—’

बाबांचं नाव एका दमात टाइप झालं होतं. स्वतःच्या नावाला बोटं सारखी चुकत होती. तीन कागद वाया गेले. चौथ्यावर त्याने एकेक अक्षर शोधून दाबलं, जणू कालच टायपिंग शिकायला लागला होता.