काल येते

आमच्या शेजारच्या मनोरमाबाईंची अशी ठाम समजूत आहे की मी निवृत्तीनंतर लष्करातल्या कुणा कर्नलची कामं करतो. ही समजूत रजनीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, करून दिलेली आहे. ‘हे कर्नलचं काम करत बसतात,’ एवढंच ती जिन्यात सांगते आणि पुढं समजावत नाही. मी एकदा समजावायला गेलो. म्हटलं, हा कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. जगभरची माणसं तो मिळून लिहितात, एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं तपासल्याशिवाय आत घेत नाहीत, आणि मी त्या तपासणाऱ्यांपैकी एक. मनोरमाबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग पेन्शनपण फौजेचीच मिळते का. तेव्हापासून मी नाद सोडला.

त्या रविवारी मात्र जिन्यात उभं राहून भोपाळच्या सगळ्या टी. टी. नगरला ओरडून सांगावं असं मला वाटत होतं. मृणालचा बदल कर्नलमध्ये जाणार होता. मृणाल ही रजनीच्या बहिणीची मुलगी, गोविंदपुऱ्यातल्या एका लहान कारखान्यात इंजिनिअर आहे. तिथं वीज उपकेंद्रांसाठी रेकॉर्डर बनवतात. लाइनवर बिघाड झाला की त्या क्षणाच्या थोडं आधी आणि थोडं नंतर विजेचं काय चाललं होतं, ते हे यंत्र टिपून ठेवतं. टिपलेलं सगळं कर्नलकडून मागून घ्यायची एक नवी रीत मृणालनं लिहिली होती, आणि ती कर्नलच्या जाहीर इंटरफेसमध्ये जायची होती.

हे ‘जाहीर’ प्रकरण सांगितल्याशिवाय माझी धडधड कुणाला कळायची नाही. घरात तुम्ही कपाट इकडचं तिकडं करा, मधली भिंत पाडा, बाहेरच्याला काही फरक पडत नाही. घराचा पत्ता मात्र एकदा जगाला दिला की दिला. कर्नलचंही तसंच आहे. आतलं सगळं रोज बदलत असतं, पण बाहेरच्या प्रोग्रामांना जे एकदा देऊ केलं ते कायमचं. त्यात चूक राहिली तर तीही कायमची, कारण तोवर कुणीतरी त्या चुकीवर विसंबून आपलं यंत्र चालवायला लागलेलं असतं.

मृणालच्या मालकांनी तिला साफ सांगितलं होतं. या खेपेच्या कर्नलमध्ये बदल गेला तर नवा रेकॉर्डर तिच्या हातात. नाही गेला तर ते बाहेरून तयार सॉफ्टवेअर विकत घेणार आणि मृणाल पुन्हा पॅनेलच्या वायरी तपासायला जाणार. त्या वायरी तिनं नोकरीच्या सुरुवातीला पोटभर तपासल्या होत्या आणि त्यांचं नाव काढलं तरी तिचा चेहरा उतरायचा. आमच्या भागाची मेंटेनर, म्हणजे काय आत घ्यायचं ते शेवटी ठरवणारी बाई, लिस्बनला असते. तिनं लिहिलं होतं की बदल पसंत आहे, आणखी एकानं नीट तपासून नाव घातलं की रविवारी संध्याकाळी सगळं गाठोडं वर पाठवते. त्यानंतर दार बंद, ते थेट पुढच्या खेपेला उघडायचं. आणि ते आणखी एक नाव माझं होतं, कारण त्या भागातलं कळणारी माणसंच मुळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

मृणालनं मला आधीच बजावून ठेवलं होतं. जे काय सांगायचं ते मेलिंग लिस्टवर, सगळ्यांसमोर सांगा. फोन करून कानात सांगायचं नाही. नाहीतर लोक म्हणतील घरचाच माणूस आहे, पास करून टाकला. मला तिचा हा ताठा फार आवडला होता.

सकाळी पोहे-जलेबी झाल्यावर मी तिची पाचवी आवृत्ती उघडून बसलो. काय सुरेख काम होतं. पुढंमागं लागतील म्हणून रिकाम्या ठेवलेल्या जागा शून्यच आहेत ना, हे ती तपासत होती. अनोळखी काही मागितलं तर मुकाट्यानं गिळून न टाकता ‘हे मला येत नाही’ असं स्वच्छ सांगत होती. जुन्या आणि नव्या दोन्ही धाटणीच्या मशीनवर मांडणी तंतोतंत सारखी बसत होती. एकेक ओळ वाचताना माझी मान आपोआप डोलत होती, आणि रजनीनं स्वयंपाकघरातून विचारलंसुद्धा की कुणाचं गाणं लावलंय. मी नाव घालून पत्र तयार केलं. पाठवायचंच बाकी होतं, तेवढ्यात मृणालचा फोन आला.

ती कामाबद्दल एक अक्षर बोलली नाही. मावशी कशी आहे, मनोरमाबाईंचा कर्नल कसा आहे, असलं काहीबाही विचारलं. तिचा आवाज आनंदानं नुसता उड्या मारत होता. शेवटी ठेवता ठेवता म्हणाली, “बरं काका, काल सकाळी पेढे घेऊन येते.”

आता हे ‘काल’ सांगायला हवं. मी साताऱ्याकडचा, सरकारी कारखान्यातल्या नोकरीपायी भोपाळला आलो. रजनीचं घराणं मूळचं नागपूरचं, पण राजधानी भोपाळला आली आणि कचेऱ्या इकडं हलल्या तेव्हा तिचे आजोबा फायलींच्या मागोमाग आले आणि इथलेच झाले. त्यामुळं त्या घरची मराठी म्हणजे वरण मराठी आणि फोडणी हिंदी. मृणाल लहानपणी ‘काका, काल सर्कस बघायला जाऊ’ म्हणायची. हिंदीत ‘कल’ गेलेलाही असतो आणि येणाराही असतो, तर मराठीत का नसावा, असा तिचा हिशोब. मी दर वेळी टोकायचो की काल गेला, उद्या म्हण. ती दर वेळी म्हणायची, पण तुम्हाला समजलं ना. आणि पुन्हा काल म्हणायची.

सवयीनं मी फोनवर म्हटलं, “काल की उद्या?”

“समजलं ना तुम्हाला,” ती हसून म्हणाली आणि फोन ठेवला.

पत्र पाठवायच्या बटणावर बोट ठेवलं आणि ते तिथंच थांबलं. समजलं होतं, बरोबर. ‘येते’ म्हणाली म्हणून समजलं. ‘आले होते’ म्हणाली असती तर गेलेला काल. दिशा ‘काल’ या शब्दात नसतेच, ती क्रियापदात असते. मी परत तिच्या बदलाकडं वळलो.

प्रत्येक टिपणाबरोबर बिघाडाच्या क्षणापासूनचं अंतर दिलेलं होतं. समजा, चाळीस. पण चाळीस आधी की चाळीस नंतर? आकडा बिनचिन्हाचा होता, त्याला वजा होताच येत नव्हतं. चौथ्या आवृत्तीपर्यंत मागण्याच्या दोन रीती होत्या, एक आधीचं मागायची आणि एक नंतरचं. मग मेंटेनर बाईंनी सुचवलं की दोन कशाला, एकच ठेव, आणि मृणालनं सफाईनं दोन्ही एकत्र केल्या. त्या एकत्र करण्यात क्रियापद गळालं. आता बिघाडाआधीची वीज आणि बिघाडानंतरची वीज, दोन्हींवर नुसतं ‘कल’ लिहून येणार होतं. उपकेंद्रातल्या माणसाला तर तेवढंच हवं असतं, की आधी काय झालं आणि मग काय झालं.

भोपाळबाहेरच्या माणसाच्या हातून ही चूक झाली नसती, असं मी अजूनही म्हणतो. आणि मृणालचा काका नसतो तर मलाही दिसली नसती.

मी रजनीला सांगितलं. ती म्हणाली, फोन करा की पोरीला, गुपचूप दुरुस्त करेल. माझा हात फोनकडं गेलाही. संध्याकाळ फार लांब नव्हती. लिस्टवर लिहिलं की बाई बदल बाजूला ठेवणार, हे जवळजवळ नक्की, आणि मग वायरी. मला सरळ भीती वाटली. पण कानात सांगायचं नाही, असं तिनंच म्हटलं होतं, आणि तेव्हा ती माझ्या डोळ्यांत बघत होती. मी नाव घातलेलं पत्र पुसलं आणि दुसरं लिहिलं. काम उत्तम आहे, पण अंतराला चिन्ह नाही, आधी-नंतर कळत नाही, या रूपात मी नाव देऊ शकत नाही. पाठवलं आणि खुर्चीतून उठलोच.

उत्तर आलं नाही. बऱ्याच वेळानं खाली स्कूटर थांबल्याचा आवाज आला आणि मृणाल जिना चढून दारात उभी राहिली. चेतक पूल ओलांडून ती बहुधा एकदाही ब्रेक न लावता आली असावी. हातात जेवणाचा मोठा डबा, त्यात रेकॉर्डरचा सर्किट बोर्ड, आणि डोळे लाल.

“लिस्टवर लिहिलंत तुम्ही,” ती म्हणाली. “फोन नाही केला.”

“तूच म्हणाली होतीस.”

“हो. पण तेव्हा मला वाटलं होतं, गलती निघणारच नाही.”

मग ती भांडायला बसली. मागणाऱ्या प्रोग्रामला माहीत असतं ना आपण काय मागितलंय, त्यावरून समजतं, लिस्टवर इतक्या लोकांनी वाचलं त्यांना कुणाला काही वाटलं नाही, तुम्हालाच कसं वाटलं. मी तिला पुरतं बोलू दिलं. मग विचारलं, “मृणाल, यात क्रियापद कुठंय?”

तिची नजर माझ्या पडद्यावरच्या त्या एका ओळीवर गेली आणि तिथं बराच वेळ राहिली. मग तिनं कपाळावर हात मारून घेतला आणि खुर्चीत मागं रेलून इतकी हसली की रजनी हातातला झारा घेऊन बाहेर आली.

“कल,” मृणाल म्हणाली. “मी कर्नलमध्ये ‘कल’ लिहिलं, मावशी.”

त्यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं त्याला धुमाकूळच म्हणावं लागेल. दुरुस्ती म्हटली तर एका अक्षराची, बिनचिन्हाच्या जागी चिन्हाचा आकडा. पण त्या अक्षराबरोबर माहितीचं पान बदललं, नमुन्याचा प्रोग्राम बदलला, चाचण्या नव्यानं लिहिल्या. मृणाल लिहीत होती, मी तिच्या खांद्यावरून वाचत होतो आणि दोघं एकमेकांना गप्प बसायला सांगत होतो. बोर्डाच्या तारा मी स्वयंपाकघरातल्या प्लगपर्यंत नेल्या. बिघाड कुठून आणायचा हा प्रश्न होता, तो रजनीनं सोडवला. तिचा मिक्सर चालू झाला की दिवे क्षणभर मंदावतात, ही तिची जुनी तक्रार होती. तो झटकाच आमचा बिघाड.

रजनीनं भांड्यात शेंगदाणे घातले आणि बटण दाबलं. पडद्यावर आकडे धावले. काही आधीचे दिसेनात. मृणालनं एक ओळ सुधारली. पुन्हा मिक्सर. पुन्हा सुधारणा. शेंगदाण्याचं कूट झालं, कुटाचा लगदा झाला, लगद्याला तेल सुटलं. रजनी विचारू लागली की कर्नलला चटणी नेमकी किती बारीक लागते.

मग एकदा बटण दाबलं आणि आकडे आले ते वजापासून आले. वजा चाळीस, वजा एकोणचाळीस, असे एकेक करत शून्य, आणि शून्यानंतर एक, दोन, तीन. मी एवढ्या जोरात टाळी वाजवली की माझेच हात चुरचुरले.

रजनी ओट्याला टेकून पडद्याकडं बघत होती. तिनं विचारलं, वजा म्हणजे काय. मृणाल म्हणाली, “मावशी, हे तू बटण दाबायच्या आधीचं आहे.”

“आधीचंपण कळतं?”

“आता कळतं,” मृणाल म्हणाली.

सहावी आवृत्ती गेली. या वेळी मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत पुन्हा वाचली, मान न डोलवता, आणि मगच नाव घालून लिस्टवर पाठवलं. आता लिस्बनच्या बाईंच्या हाती होतं. मृणाल गॅलरीत गेली, आत आली, पुन्हा गॅलरीत गेली. रजनीनं दिलेला चहा तिनं साखर घातली नसताना ढवळला. मी वर्तमानपत्र धरलं होतं, ते उलटं नव्हतं एवढंच म्हणता येईल.

पत्र दोनच ओळींचं आलं. बदल घेतला, आत्ताच वर पाठवते. दोन्ही रीती एक करायला मीच सांगितलं होतं, तेव्हा चूक निम्मी माझी. वेळेवर आणि सगळ्यांसमोर सांगितल्याबद्दल आभार.

मृणालनं ते दोनदा वाचलं. ओरडली नाही, नाचली नाही. वाकून मला नमस्कार केला, जो ती दिवाळीलासुद्धा टाळते, आणि मग मावशीच्या गळ्यात पडून रडली. मी खिडकीबाहेर बघण्यासारखं काय आहे ते शोधत राहिलो. मला भरून आलं होतं. या पोरीनं लिहिलेली एक ओळ आता जगातल्या अनोळखी यंत्रांमधून चालणार होती, मी गेल्यावरही, आणि ती बरोबर होती.

मालकांना फोन करून, डबा काखेत मारून ती खाली उतरली. स्कूटर सुरू केली आणि वर बघून हाक मारली, “काका, काल येते हो. पेढे घेऊन.”

रजनी माझ्याकडं बघत राहिली. मी टोकायची ती वाट पाहत होती. मनोरमाबाईही त्यांच्या गॅलरीत येऊन उभ्या होत्या.

“ये,” मी म्हटलं. “वाट बघतो.”