थोडंसं

बूच पुरतं बसत नव्हतं — गरम पाण्याच्या पिशवीचं ते जुनं काळं बूच, आटे झिजलेलं, आईच्या वेळचं. दोन फेरे दिले की बसल्यासारखं वाटायचं आणि तिसऱ्याला हटकून एक थेंब मनगटावर. शाळेतून आल्या पावली ती ओट्याशी उभी होती, आणि आतल्या खोलीत लेक भिंतीकडे तोंड करून पडली होती. सकाळीही तशीच पडली होती. तेव्हा आपण काय म्हणालो? "होतं गं सगळ्या बायकांना. ऊठ, नाटकं पुरेत." आवाज आपला, पण वाक्य... वाक्य आईचं. आई जाऊन नऊ वर्षं झाली, तरी मेली तिची वाक्यं घरातून हलायला तयार नाहीत. दिवसभर फळ्यावर अपूर्णांक सोडवताना ते वाक्य तिच्या पाठीशी उभं होतं.

काल डॉक्टरीणबाई रिपोर्ट बाजूला ठेवून नुसत्या बघत राहिल्या होत्या — तिच्या बेंबीखालच्या कातडीवरची ती तपकिरी जाळी.

"किती वर्षं शेकताय?"

"असतील वीसेक."

"भाजल्याच्या खुणा आहेत या. रोज थोडं थोडं."

मग आजाराचं नाव, एंडोमेट्रिओसिस, तिनं दोनदा विचारून घेतलेलं: गर्भाशयाच्या आत असतं तसलं अस्तर बाहेरही वाढतं, दर महिन्याला सुजतं, आतलं सगळं एकमेकांना चिकटत जातं. "औषधांनी आटोक्यात राहतं. मुळासकट जाईल असं मी सांगणार नाही. पण इतकी वर्षं अंगावर का काढलंत हो?" का काढलं! लग्न झालं की थांबेल म्हणून. मग मूल झालं की थांबेल म्हणून. विचारायचं तरी कुणाला होतं?

पण रडू आलं ते नावानं नाही, जाळीनं. तीच जाळी आईच्या पोटावर होती. सहा-सात वर्षांची असताना आपण तिला बोट लावून विचारलं होतं, हे काय गं? आई हसली होती. "तुझेच उपद्व्याप. पोटात असताना नखं मारलीस ना मला!" थट्टाच ती. पण आपण महिनोन्महिने नखं कुरतडली, रक्त येईस्तोवर... आणि आई पोट धरून बसली की वाटायचं, हे माझ्यामुळे. चाळिशी आली तरी आत कुठंतरी वाटतच होतं. आणि काल एका परक्या बाईच्या दोन शब्दांत कळलं की ती नखं नव्हतीच, ही पिशवी होती. म्हणजे आईलाही... आणि ती कधी कण्हली नाही, विचारलं की भिंतीकडे बघत एकच उत्तर, "थोडंसं."

पिशवी टॉवेलात गुंडाळून ती आत गेली. लेकीपाशी वाकताना तिचा कुर्ता वर सरकला.

"आई, तुझ्या पोटावर हे काय?"

थट्टा जिभेवर तयार होती, अगदी आईच्या हसण्यासकट. तिनं ती गिळली. "शेकून शेकून भाजलंय. मला दुखतं गं. फार दुखतं." फार हा शब्द या घरात कुणी उच्चारला नव्हता, तो बोलून तिची तीच घाबरली. "सकाळी तुला बोलले ते चुकलं माझं. तुला किती दुखतं?"

लेकीनं गुडघे पोटाशी ओढले, पिशवी घट्ट धरली, आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "थोडंसं."

ती पलंगाच्या काठावर बसली. चौदा वर्षांची ती पाठ तिनं पूर्वीही पाहिलेली होती, आईची म्हणून, आणि तेव्हा ती स्वतः खेळायला निघून गेली होती. बुचातून पाणी झिरपून टॉवेल ओला होत चालला होता. तिला दिसत होतं, पण तिथून उठायचं तिला भय वाटत होतं.