दोनदा उमटलेलं अक्षर

प्रकल्पातले सगळे तिला वहिनी म्हणत, कारण तिचा नवरा तिथला कॅप्टन होता. नर्सना औषधांच्या वेळांची आठवण करून देणारं ते सॉफ्टवेअर दोघांनी लग्नानंतर लगेच लिहायला घेतलं होतं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, एकाच कॉम्प्युटरवर पाळीपाळीने बसून. पुढे ते सगळ्यांसाठी खुलं केलं. कुणीही घ्यावं, दुरुस्त करावं, परत द्यावं. कुठूनकुठून माणसं जोडली गेली, छोटे दवाखाने ते वापरू लागले आणि कॅप्टनला भाषणांची आमंत्रणं येऊ लागली. ती घरीच बसून लोकांचं काम तपासायची. कोणता बदल आत घ्यायचा आणि कोणता नाही, हे ठरवायचा अधिकार फक्त त्या दोघांकडे होता.

मग तिचा उजवा हात थरथरू लागला. आधी कपबशी वाजायची, मग कीबोर्डवर एक अक्षर दाबलं की दोन-तीन उमटायला लागली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि घरच्यांना विश्वासात घ्यायला सांगितलं. तिने गोळ्या आणल्या. घरच्यांना सांगितलं नाही.

त्याला कारण होतं. प्रकल्पातले सगळ्यात जुने एक काका होते. बायको गेल्यावर ते विसरायला लागले, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागले. कॅप्टनने एका सकाळी पावाला लोणी लावता लावता त्यांचं नाव काढून टाकलं. "त्यांना आधी कळवायचं तरी," ती म्हणाली होती. "आपण काय वृद्धाश्रम उघडलाय?" तो म्हणाला आणि सुरी चाटून ठेवली. काकांनी नंतर दोनदा फोन केला. त्याने उचलला नाही आणि तिलाही उचलू दिला नाही.

म्हणून तिने गुपचूप स्वतःपुरती एक सोय केली. ज्या एडिटरमध्ये ती प्रोग्रॅम लिहायची, त्याला जोडून चार ओळी लिहिल्या: एकच कळ लागोपाठ दाबली गेली तर ती एकदाच धरायची. खरंच दोन अक्षरं हवी असतील तेव्हा ती मध्ये जरा थांबायची. काम पहिल्यासारखं सुरू झालं. नवरा शेजारच्या टेबलावर बसून काम करायचा, त्याला पत्ता लागला नाही. त्याने कधी तिच्या हाताकडे पाहिलंच नव्हतं.

प्रकल्पात नव्याने येणाऱ्यांचे सुरुवातीचे दिवस आपलं मशीन कामाला तयार करण्यातच जायचे. कुणाच्या ओळी वाकड्या, कुणाच्या चाचण्याच चालत नाहीत. कॅप्टनने ठरवलं, सगळ्यांच्या एडिटरची मांडणी एकच हवी. ती प्रकल्पातच ठेवायची, म्हणजे नवा माणूस आला की एका आज्ञेत सगळं हजर.

"तुझं सगळं जागच्या जागी असतं," तो तिला म्हणाला. "तुझीच मांडणी घाल."

कित्येक महिन्यांत त्याने तिचं काही चांगलं म्हटलं नव्हतं. तिने हुरळून त्याच दिवशी काम हातावेगळं केलं. एकेक फाइल निवडायची तर बोटं दगा देत होती, म्हणून तिने अख्खा फोल्डर उचलला. त्या चार ओळीही त्यात गेल्या.

तक्रार आली ती नुकत्याच आलेल्या एका पोरीची. तिने सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, की नवी मांडणी घेतल्यापासून दोन 'बरोबर'ची (=) चिन्हं भरभर दाबली तर एकच उमटतं. एक चिन्ह म्हणजे 'असं आहे असं धर', आणि दोन म्हणजे 'असं आहे का ते बघ'. तिच्या कामात एक चिन्ह गळालं होतं आणि गोळी दिली आहे का हे बघण्याऐवजी ती दिलीच आहे, असं प्रोग्रॅम परस्पर ठरवून मोकळा होत होता. चाचणीत सापडलं म्हणून निभावलं.

कॅप्टनने सगळ्यांची बैठक बोलावली. पडद्यावर माणसांचे चौकोन उमटले. तो आपल्या टेबलाशी, ती आपल्या, मध्ये हातभर अंतर.

"हे कुणी घातलंय ते नोंदीत दिसतंय," तो म्हणाला. "वहिनी, सांगा जरा." इतरांसारखा तोही तिला वहिनी म्हणाला. दोघेतिघे हसले.

"चुकून गेलं. मी काढून टाकते."

"काढशील गं. पण लिहिलं कशाला होतंस?"

"कीबोर्ड खराब झालाय माझा."

"असं?" तो उठला, आपला कीबोर्ड तिच्यासमोर ठेवला, तिच्या चार ओळी बंद केल्या आणि तिचा पडदा सगळ्यांना दाखवायला लावला. "हा नवा आहे. लिही काहीतरी. तुझं नाव लिही."

"आत्ता नको."

"लोक खोळंबलेत."

तिने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि लिहिलं. पहिलंच अक्षर तीनदा उमटलं. तिने पुसलं, तर मागचंही पुसलं गेलं. पुन्हा लिहिलं. सगळे चौकोन बघत होते. "राहू द्या ना सर," ती पोरगी बारीक आवाजात म्हणाली. कॅप्टनने तिचा आवाज बंद केला.

"किती दिवसांपासून?" त्याने विचारलं.

"झालं वर्ष."

"आणि वर्षभर तू लोकांची कामं तपासतेयस. औषधांच्या सॉफ्टवेअरची." तो आता तिच्याशी नाही, चौकोनांशी बोलत होता. "घरचं माणूस म्हणून मी वेगळा न्याय लावणार नाही."

त्याने सगळ्यांसमोर तिचा अधिकार काढून घेतला. एकाने 'अवघड निर्णय होता सर' असं लिहिलं, त्याखाली बाकीच्यांनी अंगठे उमटवले. बैठक संपल्यावर तो आळस देत म्हणाला, "चहा टाकतेस? की मी टाकू? सांडशील." आजाराचं नाव त्याने विचारलं नाही.

त्या चार ओळी मात्र त्याने फेकल्या नाहीत. त्या नीटनेटक्या करून, हवं त्यालाच चालू करता येतील अशा बेताने त्याने पुन्हा आत घातल्या, स्वतःच्या नावावर. थरथरत्या हातांच्या लोकांसाठी खास सोय, असं जाहीर केलं. तिच्या कामाची कुठे मोजदाद नव्हती, या सोयीची बातमी मात्र चार ठिकाणी छापून आली. खुल्या सॉफ्टवेअरच्या वार्षिक संमेलनात त्याला बक्षीस ठरलं. "तू चल," तो म्हणाला. "लोकांना खरं उदाहरण दिसलेलं बरं असतं."

ती गेली. सभागृह भरलेलं होतं. त्याने तिला मंचावर बोलावलं, आधी सोय बंद करून तिच्याकडून एक ओळ लिहून घेतली, मग चालू करून तीच ओळ. दुसरी ओळ स्वच्छ उमटली तसे लोक उभे राहिले. कुणीतरी तिच्या हातात माइक दिला. माइक हनुवटीवर आपटत होता.

"हे मी लिहिलंय," ती म्हणाली.

लोकांना वाटलं, ती पडद्यावरच्या ओळीबद्दलच बोलतेय. टाळ्या आणखी वाढल्या. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले.

"नाही, मी म्हणजे ते, ही जी सोय आहे, ती—"

नवऱ्याने तिच्या खांद्याभोवती हात टाकला आणि माइक हळूच काढून घेतला. "वहिनींना भरून आलंय," तो म्हणाला. "समजून घ्या."

परतताना गाडी तोच चालवत होता. बक्षिसाचं खोकं तिच्या मांडीवर होतं.

"छान बोललीस," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात अजून एक कार्यक्रम आहे. असंच बोल."