तेलात घोळलेला कीस

माझ्या सासऱ्यांचा जगात एकच वैरी, गंज. वर्कशॉपमध्ये लेथवर लोखंड कातण्यात उभं आयुष्य काढलेला माणूस. घरातल्या कड्या-कोयंड्यांपासून माझ्या कात्रीपर्यंत सगळ्याला तेलाचं बोट लावून ठेवतात. मी डेअरीच्या सांडपाण्याच्या प्लँटवर केमिस्ट. आमच्या पाण्यातलं नायट्रेट खालच्या तळ्यात जायचं, तळं शेवाळाने माजायचं आणि मासे पोट वर करून तरंगायचे. ते बघून मला घास गोड लागत नसे.

म्हणून मॅनेजरच्या हात धुऊन मागे लागले आणि एक पिंप पदरात पाडून घेतलं. त्यात लोखंडाचा कीस भरायचा, वरून पाणी सोडायचं. लोखंड गंजत जातं, त्याच्या जोरावर किसावरचे जिवाणू नायट्रेट फोडतात आणि त्यातला नायट्रोजन वायू होऊन हवेत निघून जातो. महिनाअखेरपर्यंत फरक दिसला तर ठीक, नाहीतर पिंप भंगारात, असं मॅनेजरनी बजावलं. कीस सासऱ्यांनीच, म्हणजे बाबांनीच, वर्कशॉपमधून आणून दिला, पोतंभर, हौसेने.

पंधरवडा उलटला, पण तपासणीची पट्टी बुडवली की गुलाबीच व्हायची. म्हणजे नायट्रेट जागच्या जागी. पंपावर, जिवाणूंवर, स्वतःच्या डिग्रीवर, सगळ्यांवर चिडून झालं. शेवटी पिंपात हात घालून मूठभर कीस काढला, तर हात बुळबुळीत.

घरी येऊन विचारलं, तर बाबा शांतपणे म्हणाले, "तेलात घोळून दिलाय. गंजका माल सुनेच्या हातात कसा देऊ?"

हसावं की रडावं कळेना. राग मात्र कुठल्या कुठे पळाला. एवढ्या मायेवर चिडायचं तरी कसं? मला गंजच हवाय, हे त्यांना समजावताना माझ्या नाकी नऊ आले. सासूबाई तोंडावर हात ठेवून हसत होत्या. सोड्याच्या गरम पाण्यात सगळा कीस धुवायला मात्र बाबाच बसले, सुतकी चेहऱ्याने.

महिनाअखेरीला मॅनेजर स्वतः पिंपाशी आले. मी पट्टी बुडवली. पट्टी पांढरीच राहिली. मॅनेजर म्हणाले, आता मोठी टाकी बांधू, ट्रकभर कीस लागेल. मला तिथेच नाचावंसं वाटलं.

घरी सांगितलं तेव्हा बाबांची छाती फुगली आणि ट्रकभर म्हणताच चेहरा पडला.

मग म्हणाले, "कीस हवा तेवढा देतो. पण बिनतेलाचा माझ्या हातून नाही भरला जायचा. तूच येऊन भर, मी भिंतीकडे तोंड करून उभा राहतो."