उसवत चाललेली महाधमनी

मी महाधमनी बोलतेय. हृदयातून निघून पाठीच्या कण्यालगत पोटात उतरते ना, तिचा पोटातला तुकडा. तंबू आणि ताडपत्र्या शिवणाऱ्या एका माणसात माझा जन्म गेला. त्याने मला कधी पाहिलं नाही. आणि आता पाहायची वेळ आली, तेव्हा त्याला भूल दिलेली असेल.

माझी भिंत धाग्यांची आहे. काही धागे ताणणारे, काही चिवट. चिवट धाग्याला कोलॅजन म्हणतात; तो तीन पदरी असतो, माझ्या माणसाच्या दोऱ्यासारखाच. ते तीन पदर घट्ट वळले जायला क जीवनसत्त्व लागतं. मग शेजारशेजारच्या धाग्यांना एकमेकांत टाके पडावे लागतात, आणि टाके घालणारा जो कारागीर माझ्यात आहे, त्याचा हात तांब्याच्या कणाशिवाय हलत नाही. तांबं लागतं अगदी नखभरही नाही. पण तेवढं लागतंच.

त्याची बायको होती तोवर मला कसली ददात नव्हती. ताटात पेरूची फोड, लिंबू, मूठभर शेंगदाणे. "ते पान संपव, मग ऊठ," ती म्हणायची, आणि हा तोंड वाकडं करून संपवायचा.

ती गेली आणि चूल चहापुरती उरली. चहा, टोस्ट, सिगारेट; पुन्हा चहा. एकदा दाभण बोटात घुसला. जखम चिघळली, तेव्हा कुणीतरी जस्ताच्या गोळ्या सुचवल्या. जखम भरली, गोळ्या मात्र सुटल्या नाहीत. "ताकद येते," म्हणायचा. जस्त जास्त झालं की आतडं तांब्याला दारातूनच परत पाठवतं, हे त्याला कोण सांगणार? मी ओरडू शकत नाही. मी फक्त फुगू शकते. फुगले.

पोटदुखीसाठी तपासणी झाली आणि मी पडद्यावर दिसले. डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या. "फुगवटा मोठा आहे. सिगारेट, वाढलेला रक्तदाब, वय, सगळ्यांनी हातभार लावलाय. त्यात हिरड्यांतून रक्त येतंय, म्हणजे क जीवनसत्त्व कमी पडलंय, आणि शरीरात तांबंही फार कमी आहे."

"कमी कसं असेल? रोज तांब्यानंच तर पाणी पितो!"

"बाबा," शेजारी बसलेली लेक म्हणाली, "आपला तांब्या स्टीलचा आहे."

तिघंही हसली. त्याच्या हसण्याने मी हलकेच थरथरले. मला ते हसणं आवडलं.

गोळ्या बंद झाल्या. फुगलेला भाग काढून तिथे कापडाची नळी शिवायची ठरली. पण आधी अंग जरा भरू दे, म्हणजे टाके धरतील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "औषध मी देईन तेवढंच. मनाने काही करू नका."

लेक राहायलाच आली. संत्री सोलायची, मोड आलेली कडधान्यं पुढे करायची. "आईसारखीच छळतेस," तो म्हणायचा आणि खायचा. माझ्यात नवे पदर हळूहळू वळले जाऊ लागले. ताणणारे धागे मात्र एकदा तुटले की फारसे परत येत नाहीत. हे तिला ठाऊक नव्हतं. तिला घाई होती.

त्या घाईत तिने खराखुरा तांब्याचा तांब्या आणला. तांबंही जाईल आणि क जीवनसत्त्वही, म्हणून त्यात लिंबाचं पाणी भरून रात्रभर ठेवलं. आंबटाने तांबं नको तेवढं पाण्यात उतरलं, आणि त्याच तांब्याने क जीवनसत्त्व नासवलं. सकाळी तो लेकीच्या कौतुकापोटी पेलाभर पाणी घटाघटा प्यायला.

मग उलट्या सुरू झाल्या. प्रत्येक उबळीसरशी रक्ताचा दाब माझ्यावर आदळत होता. मी होते नव्हते ते सगळे टाके आवळून धरले. तरी एक कड उसवलीच. त्याने पाठ धरली आणि तो खाली बसला.

आता वाट बघायला वेळ नाही. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर खाटेवर तो पडलाय आणि लेक त्याच्या पायाशी रडतेय.

"मीच केलं हे, बाबा."

"वेडी आहेस का? टाका चुकला की उसवायचा आणि पुन्हा घालायचा. इतकी वर्षं मी दुसरं काय केलं?" मग त्याने डॉक्टरीणबाईंना विचारलं, "कापड नवं आहे. पण ज्याला जोडणार, ते धरेल ना?"

त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "ते उघडल्यावरच कळेल," त्या म्हणाल्या.

उत्तर मलाही माहीत नाही. मी निघून जाणारा तुकडा. वर आणि खाली माझ्याच दोन कडा मागे राहतील. त्यांनीही तेवढेच दिवस उपासात काढलेत. आता खाट ढकलली जातेय. बायांनो, ते कापड परकं आहे, तरी त्याला दूर लोटू नका. सुई आत येईल तेव्हा फाटू नका. बाहेर ती पोर उभी आहे. तिच्यासाठी तरी टाका धरा.