झुमातायच्या छातीतली गुणगुण

मी झुमाताय नावाच्या घोडेपाळाच्या छातीतला, त्याच्या हृदयाला हातभार लावणारा पंप बोलतोय. आहे मुठीत मावेन एवढाच. माझे पूर्वज हृदयासारखे धडधडायचे आणि लवकर झिजायचे. मग कुणाला तरी सुचलं, धडधडायचं कशाला, नुसतं फिरत राहिलं तर? माणसाआधी, चाचण्यांच्या वेळी, कितीतरी वासरांनी आम्हांला छातीत सांभाळलं. त्यांचे उपकार मी विसरत नाही.

राजधानी अस्तानाच्या दवाखान्यात मला झुमातायच्या थकलेल्या हृदयाला जोडलं. घोड्यांमागे जन्म घालवलेलं हृदय ते! मी फिरू लागलो आणि झुमातायच्या निळ्या ओठांवर लाली चढली. मीच थक्क झालो. ही किमया धातूच्या तुकड्याची कशी असेल?

गावी परतल्यावर शेजारच्या बेकझानने चिडवलं, "काय रे, झोपताना तुला भिंतीतल्या विजेला जोडतात म्हणे, फोनसारखं?"

"तुझी जीभ बरी बिनविजेची चालते!" झुमातायने सुनावलं.

रमजान आला. पाणी तोडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी झुमातायने रोजा धरला.

"अहो, असं करू नका," त्याची बायको ओराझगुल कळवळली.

"ज्यानं जीव परत दिला, त्याच्यासाठी एक दिवस तहान सोसू नको?"

दुपारी माझ्याकडे येणारं रक्त आटू लागलं. मी ओढतोय, पण ओढायला काही हवं ना! घोड्याला पाणी पाजता पाजता झुमाताय अंगणात कोसळला. त्याच्या कमरेला बांधलेला, मला वीज पुरवणारा डबा धोक्याची सूचना देत चिरकू लागला.

बेकझान धावला, मनगट धरलं. नाडी नाही! मी धडधडत नाही, म्हणून ती हाताला लागत नाही, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक?

"वहिनी, गेला हो आपला झुमाताय..." तो दुआ पुटपुटू लागला.

ओराझगुलने नवऱ्याच्या छातीला कान लावला. मी होतं नव्हतं ते बळ एकवटून गुणगुणलो.

"गप्प बसा भावजी! हा फिरतोय! यांचे पाय उचला, उंच धरा!"

पाय उंचावले, तसं रक्त माझ्याकडे परतलं. झुमातायने डोळे उघडले. तिने पाण्याचा पियाला ओठांशी नेला.

"सूर्य मावळला का?"

"नाही मावळला. प्या मुकाट्यानं. आजाऱ्याला त्यानं आधीच सूट दिलीय."

तो प्यायला. त्या क्षणी ओराझगुलने नवस बोलला. तो पाळत आता झुमातायच्या रोज्याच्या बदल्यात रोज संध्याकाळी एक भुकेला माणूस त्यांच्या ओट्यावर जेवतो.

मी किती दिवस फिरेन, तो जाणे. तुम्हांला एवढंच सांगतो, कुणाची नाडी लागली नाही, तर हात सोडण्याआधी छातीला कान लावून बघा.

ओराझगुल रोज पहाटे लावते. हळूच विचारते, "आहेस ना रे?"

आणि मी गुणगुणतो.