सापाचे मिटलेले तोंड

उन्हे खिडकीत आली तेव्हा निकियास टांकसाळीतल्या आपल्या बाकावर बसला होता. त्याने दोन्ही कोरण्या दगडावर घासल्या, टोकांना तेल लावले आणि कालच्या लोखंडी ठशावरची धूळ फुंकून टाकली. नाण्यावर उजवीकडे दिसणारे ठशात डावीकडे कोरावे लागते. तीस वर्षांच्या सवयीने त्याचा विचारही करावा लागत नसे. चित्रातली मुलगी कोरून झाली होती. तिच्यासमोर मान उंचावलेल्या सापाचे तोंड तेवढे राहिले होते.

टांकसाळीचे यंदाचे अधिकारी लानुवियमचे. त्यांच्या गावच्या जूनो देवीच्या राईत दरवर्षी डोळे बांधलेल्या कुमारिका सापासाठी जवाचे रोट नेतात. सापाने खाल्ले, की मुलगी शुद्ध ठरते आणि पीक चांगले येते. अधिकाऱ्यांना रुप्याच्या दिनारावर नेमके तेच हवे होते, रोट सापाच्या तोंडात. मुकादम गावियस कालच चिडवून गेला होता, "तुझी बायको तिथलीच ना? साप तोंड किती उघडतो, ते घरीच विचार की."

दुपारी त्याची बायको पापिया पाव आणि ऑलिव्ह घेऊन आली. निकियासने ठसा मेणावर दाबून तिला दाखवला आणि खरेच तसे विचारले. तिने मेणावरच्या मुलीवरून बोट फिरवले.

"मला नाही सांगता यायचं," ती म्हणाली. "माझ्या हातचं त्यानं खाल्लंच नाही."

वीस वर्षांच्या संसारात हे तो प्रथमच ऐकत होता. तिने नेलेल्या रोटाचे तुकडे मुंग्यांनी राईबाहेर आणले आणि मुलगी अशुद्ध आहे, असा गावाने निकाल दिला. महिन्याभरात वडिलांनी तिला रोमला मावशीकडे धाडले.

"अकरा वर्षांची होते हो मी."

त्या वर्षी थंडी लांबली होती का, असे त्याने विचारले. तिने होकारार्थी मान हलवली.

"गारठलेला साप खात नसतो," तो म्हणाला. "कुठलाही गुराखी सांगेल."

"गुराख्याला कोण विचारतंय? आता बाजारात भाजीवाली रोज तेच चित्र माझ्या हातावर ठेवणार."

ती गेल्यावर निकियास कोरणी हातात घेऊन बसून राहिला. अधिकाऱ्यांना काम पसंत पडले नाही, तर पुढचे ठसे दुसऱ्याकडे जाणार होते. मग त्याने सापाचे तोंड मिटलेले कोरले, आणि त्या तोंडात व मुलीच्या हातात जवाच्या दाण्याएवढे अंतर ठेवले.

गावियस आला, तेव्हा निकियासने ठसा फडक्यात गुंडाळून त्याच्या हाती दिला.